उन्हाळ्याच्या सूचना लावण्याआधी दारं मोजा

गेल्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी पुण्यातल्या आमच्या सोसायटीत पाणी बंद होतं. त्याची सूचना मी मंगळवारी रात्रीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. पंचवीस-तीस अंगठे आले आणि मी निश्चिंत झोपले. शुक्रवारी संध्याकाळी कळलं, की बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंनी दीड दिवस दोन बादल्यांवर काढला. काका तीन वर्षं अंथरुणावर आहेत. त्यांचं अंग पुसणं, चादरी बदलणं, सगळं त्या दोन बादल्यांत. काकूंचा फोन बटणांचा. मी धावत गेले तर म्हणाल्या, "सगळ्यांचंच गेलंय म्हटलं, तुला कशाला त्रास द्यायचा?"

एवढ्यावरच थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. दुसऱ्या दिवशी वॉचमनदादांशी बोलताना खरी गोष्ट कळली. एरवी बंदच्या गुरुवारी आमची वरची टाकी संध्याकाळपर्यंत पुरते. त्या दिवशी सकाळी अकरालाच तिचा तळ दिसला, कारण ज्यांनी ग्रुप वाचला होता त्यांनी पिंप, टब, पातेली, सगळं भरून घेतलं होतं. म्हणजे माझ्या सूचनेनं काकूंना मदत झाली नाहीच, उलट त्यांच्या वाटणीचं पाणी सहा-सात तास आधी संपलं. अर्ध्या घरांत पोचलेली सूचना उरलेल्या अर्ध्यांना अशी नडते. मी सूचना दिलीच नसती तर काकूंचं निदान संध्याकाळपर्यंत भागलं असतं.

तेव्हा यंदा तुमच्या सोसायटीत किंवा गल्लीत उन्हाळ्याच्या सूचना सांगायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर पहिलं काम दारांची यादी. पाण्याचं वेळापत्रक, कराची तारीख, झाडांचा अर्ज, सगळं त्यानंतर. मार्च संपता संपता एक वही घ्या आणि प्रत्येक दार लिहून काढा. फ्लॅटची यादी चालणार नाही, ती सोसायटीच्या रजिस्टरात असतेच आणि तिच्यात मालकाचं नाव असतं. मालक बाणेरला किंवा बोस्टनला, घरात राहतात भाडेकरू. सूचना मालकाच्या फोनवर जाते आणि नळ भाडेकरूचा कोरडा पडतो. आमच्याकडे ६२ फ्लॅट आहेत, पण दारं मोजली तर ६८ भरली. वॉचमनची खोली, रस्त्याकडचे तीन गाळे, त्यातला एक दवाखाना, मागच्या बाजूला आमच्याच नळजोडावर असलेलं आउटहाउस आणि बंद समजून त्या ६२ मध्ये न धरलेला एक फ्लॅट, ज्यात फेब्रुवारीपासून चार मुली राहायला आल्या होत्या. त्या मुलींबद्दल कमिटीतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

प्रत्येक दारापुढे एवढंच लिहा: सूचना कशी पोचते, आणि पोचली नाही तर कोण जाऊन सांगतं. "ग्रुपवर आहेत" हे उत्तर धरू नका. ग्रुपवर असणं वेगळं, वाचणं वेगळं. आमच्या ग्रुपवर त्याच रात्री कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस होता आणि माझी सूचना सकाळपर्यंत साठ शुभेच्छांच्या खाली गेली होती. अंगठा आला म्हणजे एका माणसानं पाहिलं, त्या घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला कळलं असं नाही. ज्या दारापुढे फोनची खात्री नाही, तिथे माणसाचं नाव हवं. नाव म्हणजे नाव. "कमिटी सांगेल" असं लिहिलंत तर कुणीच सांगणार नाही. शेजारच्या दारातल्याच कुणाला तरी विचारा, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच लिहा. दुसरीत-तिसरीतली मुलं हे काम फार मनापासून करतात, पण त्यांच्या हातात चिठ्ठी द्या, नुसता निरोप नको.

आता पाणी, कारण उन्हाळ्यात सगळ्यात आधी तेच येतं. पुण्याला पाणी पुरवणारी धरणं चार, त्यांची क्षमता टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत: खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१ टीएमसी, मिळून २९.१५. एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३२ कोटी लिटर आणि शहराला महिन्याला दीड टीएमसीच्या आसपास लागतं. हे आकडे मी नोटीस बोर्डावर लावते, कारण लोक वर्तमानपत्रात "धरणांत इतके टीएमसी" वाचतात आणि त्यावरून घाबरायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नाही. शिवाय शिल्लक साठा सगळा शहराचा नसतो. नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड, इंदापूरकडे जातो आणि उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाळीनं सोडायचं पाणी, तिथल्या शेताला द्यायचं असतं. ते किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. ती बैठक झाल्याची बातमी आली, की कपातीचा अंदाज येतो. ती बातमी कापून ठेवा. खालच्या गावांना "आपलं पाणी" मिळतं म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मी सांगते, भाजी कुठून येते ते बघा.

गुरुवारचं बंद हे पुण्यात वर्षभर चालतं. पंपिंगची, विजेची, गळतीची कामं बहुतेक गुरुवारी काढतात आणि सूचनेचं शेवटचं वाक्य तर आपल्याला पाठच आहे: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. या वाक्याकडे लोक दुर्लक्ष करतात. खरी अडचण शुक्रवारची असते. गुरुवारी टाकीतलं वापरून होतं, शुक्रवारी मोटर लावली तर खालच्या टाकीत पाणीच चढलेलं नसतं. म्हणून सूचना लिहिताना "गुरुवारी पाणी नाही" असं लिहू नका. "गुरुवारी सकाळपासून शुक्रवारी दुपारपर्यंतचं पाणी साठवा, एका घरानं चार बादल्यांपेक्षा जास्त नको" असं लिहा. मागच्या वेळी हे चार बादल्यांचं वाक्य नव्हतं, म्हणून टाकी अकराला संपली.

आपली सोसायटी कुठल्या जलकेंद्रावर आणि कुठल्या टाकीवर आहे हे माहीत करून घ्या. महापालिकेच्या निवेदनात पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर, एसएनडीटी अशी नावं येतात आणि त्याखाली भागांची लांबलचक यादी. आपल्या भागाचं नाव असूनही आपली गल्ली दुसऱ्याच टाकीवर असू शकते. पाणी सोडायला येणाऱ्या व्हॉल्व्हमनला विचारलंत तर तो दोन मिनिटांत सांगेल. मी तीन वर्षं सेक्रेटरी होते आणि त्याला कधी विचारलं नव्हतं.

टाकीचं गणित एकदा मांडून ठेवा. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. ६२ घरं, घरात सरासरी चार माणसं, म्हणजे ३३ हजार ४८० लिटर. आमची खालची आणि वरची टाकी मिळून ५० हजारांची आहे. दोन्ही काठोकाठ असतील तर जेमतेम दीड दिवस. हे लोकांना आकड्यात सांगितलं, की गाडी धुवायचा पाइप आपोआप बाजूला राहतो, त्यासाठी भांडावं लागत नाही. बंदच्या दिवशी वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास उघडायचा, असं यंदा आम्ही ठरवलंय. टँकरवाल्याचा नंबर सगळ्यांकडे असतो. पण तो मेमध्ये दुपारी फोन केल्यावर त्याच दिवशी येत नाही, एवढं लक्षात ठेवा. टाक्या एप्रिलमध्ये धुऊन घ्या, कपात सुरू झाल्यावर धुवायला पाणी राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा पाण्याकडेच संशयानं पाहिलं गेलं. त्यानंतर टाकी धुण्यावर कुणाशी वाद घालायची माझी तयारी नाही. धुवायचीच.

आणि हे सगळं छान लिहून, छापून, बोर्डावर लावून झालं, की वही काढा आणि दारं बघा. तळमजला, मागचं आउटहाउस, गाळे, मुलींचा फ्लॅट. बोर्ड लिफ्टशेजारी आहे. तळमजल्यावरचा माणूस लिफ्टपाशी कशाला जाईल? काकूंच्या दारापासून बोर्ड वीस पावलांवर आहे आणि काकांना एकटं सोडून त्या वीस पावलं जात नाहीत. हे मला आधी सुचायला हवं होतं. त्यांच्या घरी मी दिवाळीचा फराळ घेऊन दरवर्षी जाते, त्यांचं घर मला आतून माहीत आहे. तरी त्या रात्री फोनवर बोट ठेवून मी समजले, की सांगून झालं.

वीज. महावितरणची देखभालीची कामंही बऱ्याचदा गुरुवारीच निघतात आणि मेमध्ये पावसाळ्याआधीची कामं वाढतात, तारांवर आलेल्या फांद्या तोडणं वगैरे. पाणी आणि वीज एकाच दिवशी बंद असेल तर मोटर चालत नाही, म्हणजे खालच्या टाकीतलं पाणी असून नसल्यासारखं. दोन्ही सूचना शेजारी ठेवून वाचा. लिफ्ट बंद राहणार असेल तर डायलिसिसला जाणारे, गरोदर बायका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, यांना आदल्या दिवशी. कुणाकडे ऑक्सिजनचं यंत्र असेल तर दोन दिवस आधी, दाराशी जाऊन, समोर बसून. यांची नावं वहीत वेगळ्या शाईनं लिहा. बोर्डावर मात्र कुणाचा आजार लिहू नका, तेवढी लाज राखा.

मिळकत कर सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे थोडक्यात. ठरलेल्या मुदतीत, एरवी मेअखेरपर्यंत, पूर्ण भरला तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते. काही वर्षी मुदत पुढे गेली आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्क्यांची सवलत बिलात लागली आहे का ते पाहा, नसेल तर पीटी-३ अर्ज भरावा लागतो. अलीकडे ज्यांनी घर घेतलंय किंवा वारसानं नाव बदललंय त्यांनी तर बघाच. इथेही दार आहेच. काकूंचं बिल काका भरायचे, आता कोण भरतं हे मी विचारलं तेव्हा कळलं, की दोन वर्षांची बिलं देव्हाऱ्याखालच्या खणात होती. दोन वर्षांची सवलत गेली आणि वर दरमहा दोन टक्के शास्ती. आमच्या कमिटीतल्या एका दादांनी बसून सगळं भरून दिलं.

झाडं. हे काम मेमध्ये आठवलं तर उशीर झालेला असतो. आवारातलं झाड असलं तरी फांद्या तोडायला महापालिकेची परवानगी लागते. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, सोसायटीनं ठराव केला म्हणून कुऱ्हाड चालवता येत नाही. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज, मग पाहणी, मग परवानगी, मग माणसं, या सगळ्याला वेळ जातो. अर्ज मार्चमध्येच टाका, फोटो जोडा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. गुलमोहराकडे विशेष लक्ष द्या, वळिवाच्या पहिल्या वाऱ्यात तो मोडतो. छाटणीचा दिवस ठरला, की झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना सांगा. त्यात पाहुणे, भाडेकरू आणि दवाखान्यात आलेले पेशंटही आले. आणि छाटताना घरटं दिसलं तर ती फांदी ठेवायला सांगा, माळी ऐकतात.

चेंबर, पन्हळी, गच्चीवरची जाळी मेच्या दुसऱ्या आठवड्यात साफ करून घ्या. गच्चीत जुने टायर, कुंड्यांच्या ताटल्या ठेवायच्या नाहीत, डेंगी तिथूनच येतो. रस्त्यावरचं पावसाळी गटार तुंबलं असेल तर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक बोर्डावर लिहा, म्हणजे दुसऱ्यालाही तोच धरून विचारता येतं.

नदीकाठी किंवा ओढ्याकाठी राहत असाल तर मात्र इथे थांबा, घाई करू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेलं पाणी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सहकारनगर, अरण्येश्वर भागात भिंती कोसळून माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला तितके घनफूट पाणी) आसपास विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना जाग आली ती घरात शिरलेल्या पाण्यानं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडीत विजेच्या धक्क्यानं तिघे दगावले. विसर्गाचे आकडे आता फोनवर येतात, पण पहाटे चारला फोन कोण बघतं? माझ्या सासूबाई १२ जुलै १९६१ चं सांगायच्या. पानशेत फुटल्याचं त्यांना शेजारच्या वाड्यातल्या एका मुलानं कडी वाजवून सांगितलं आणि तो पुढच्या दाराकडे पळाला. त्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, पण त्याचा आवाज आठवत होता. तसा कडी वाजवणारा माणूस प्रत्येक मजल्याला आधीच ठरवून ठेवा. रात्री कुणी उठायचं, बेसमेंटमधल्या गाड्या कुणी काढायच्या, मेन स्विच कुणी बंद करायचा, वॉचमनच्या मुलांना वर कुणाच्या घरी न्यायचं. एकतानगरीत आमचे नातेवाईक आहेत, म्हणून हे इतकं लिहिलं. धरणातून पाणी सोडल्याची सूचना ग्रुपवर टाकून कुणी झोपू नये. दार वाजवा, आतून माणसाचा आवाज येईपर्यंत वाजवा.

बाकीचं भराभर. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, तेव्हा गेटपाशी सकाळी रिक्षा-व्हॅनची गर्दी होते, पार्किंगवाल्यांना सांगून ठेवा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात ते दोन-तीन दिवस रस्ते बंद असतात, वाहतूक पोलिसांचं पत्रक आलं की लावा. भवानी पेठ, नाना पेठेकडे कुणाचा दवाखाना असेल तर त्यांना आधी. कमिटीचा हिशेब, ऑडिट, ज्याचं त्याला माहीत. सुट्टीत गावाला जाणाऱ्यांनी नळ आणि गॅस बंद करून किल्ली शेजारी द्यावी, एका बंद घरातला उघडा नळ सगळ्या विंगचं पाणी नेतो. भटक्या कुत्र्यांना आणि पक्ष्यांना पाणी ठेवा, रोज बदला.

सूचनेच्या कागदाबद्दल दोन गोष्टी. अक्षर मोठं, तारीख आणि वार दोन्ही. "उद्या" लिहायचं नाही, कारण कागद तीन दिवस तिथेच राहतो. कार्यालयाची भाषा उतरवू नका. "तांत्रिक कारणास्तव" याऐवजी "पाइप बदलणार आहेत" लिहा. हिंदीत एक ओळ घाला, गाळ्यातल्या भैयांना आणि त्या चार मुलींना ती लागते. काम झालं की कागद काढा.

यंदाचा पहिला बंद येत्या गुरुवारी आहे. वहीत ६८ दारं आहेत, काल रात्रीपर्यंत ६१ वर खूण झाली. दवाखाना दहाला उघडतो, तिथे मी जाते. आउटहाउस वॉचमनदादांकडे. मुलींच्या फ्लॅटवर खालच्या मजल्यावरची मानसकन्या म्हणावी अशी नववीतली पोर चिठ्ठी घेऊन गेली आहे, ती आल्यावर खूण करते. तीन घरं गावाला गेली आहेत, त्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते विचारून घेतलं. उरलं एक दार, काकूंचं, ते मी कुणाला दिलेलं नाही. सकाळी त्यांच्याकडच्या चार बादल्या आधी भरायच्या आणि मगच ग्रुपवर सूचना टाकायची.